डावं शिंग

बडोद्यात रिक्षात बसून नुसतं ‘म्हशीपाशी’ म्हणा,
रिक्षावाला पुढचं विचारत नाही.
नदीकाठच्या बागेच्या फाटकाशी ती बसलीय,
पाठ मुलांच्या चड्ड्यांनी घासून पिवळी,
बाकीचं अंग शेवाळी काळं.
चौथऱ्यावर काकांचं नाव: वामन यशवंत टिपणीस.
वामनचा काना कधीतरी गळून पडला,
आता पोरं जे वाचतात ते सांगण्यासारखं नाही.

काम खरं तर घोड्याचं होतं.
समितीला पुढचा पाय उचललेला हवा होता,
आगाऊ रक्कम आली, तिचे घरावर पत्रे पडले.
दोन वर्षं काका तबेल्यात जाऊन बसले
आणि एका सकाळी मातीचा घोडा मोडून पिंपात टाकला.
म्हणाले, घोड्याला कळतं कुणी बघतंय ते.
पोट आत घेतो लेकाचा.

दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात
जीवणभाई रबारी म्हैस दारात आणून दूध काढायचा.
तिला बघा, न बघा, सारखंच.
मी अकरा वर्षांची, दावं धरायचं काम माझं,
रोजचे दोन आणे.
काका उकिडवे बसून तिच्या कातडीच्या घड्या
बोटांनी मोजायचे, चुकायचे, पुन्हा मोजायचे.
‘साहेब, आ तो भेंस छे,’
जीवणभाई दर दोन दिवसांनी सांगायचा,
कोर्टात साक्ष द्यावी तसा.

ओतकाम शिवराम ओतारींच्या अंगणात, अमावास्येला,
अंधारात रसाचा रंग खरा दिसतो म्हणून.
आधी मेण गेलं.
साच्याच्या खालच्या भोकातून धार लागली
आणि वर्षभराची म्हैस तीन घमेल्यांत मावली.
मला रडू फुटलं.
ओतारीकाकू म्हणाल्या, गप गं, गेली नाही ती,
जागा करून गेली.
मग चौघांनी मूस उचलली.
रसाला आवाज नसतो हे त्या रात्री कळलं,
आवाज येतो तो माती पिते त्याचा.

डाव्या शिंगात हवा अडली. तीन बोटं कमी.
ओतारी म्हणाले, जोडून देतो,
सांधा कुणाच्या बापाला दिसायचा नाही.
काकांनी रात्रभर विचार करून नको म्हटलं
आणि पुढची एकतीस वर्षं
नको म्हटल्याचा विचार केला.

अनावरणाला समिती तोंड पाडून आली.
अध्यक्षांचं भाषण आधीच छापलेलं,
त्यांनी फक्त घोडा खोडला होता,
त्यामुळे म्हशीच्या वाट्याला रणांगण आलं,
वारा प्यायलेला वेग आला, टापांचा आवाज आला.
जीवणभाईने न बोलावता खरी म्हैस आणली होती.
तिने धातूचं नाक एकदा हुंगलं
आणि गळ्यातला झेंडूचा हार सावकाश खाऊन टाकला.
काका म्हणाले, झालं, एवढंच खरं परीक्षण.

पुढे दिल्लीहून माणसं आली, पट्टीने मोजून गेली.
एकाने लिहिलं, डावं शिंग मुद्दाम आखूड आहे,
त्यात अपूर्णतेचं तत्त्वज्ञान आहे.
तो कागद काकांनी भज्यांचं तेल टिपायला घेतला.

ज्या वर्षी विश्वामित्री रस्त्यावर चढली
तेव्हा काका मोठ्या इस्पितळात, नाकात नळी.
मी बंबवाल्यांच्या होडीतून त्यांच्याकडे निघाले होते.
बाग बुडालेली, बाकं नाहीत, फाटकाचे फक्त भाले,
आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात,
नाकपुड्या वर, पाठीचा एक तुकडा उघडा,
त्यावर हातभर मगरीचं पिल्लू ऊन खात पडलेलं.
इतकी वर्षं ती तिथे कोरडी बसून होती.

संध्याकाळी सगळं सांगितलं.
काका नळीतल्या नळीत हसले.
मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाले,
‘डावं पाण्याच्या वर होतं की खाली?’

खाली, मी म्हटलं.
मी बघितलंच नव्हतं.